फटाक्यांचा जमाखर्च

फटाके उडविणे म्हणजे नोटा जाळणे, हे वाक्य आपल्या शालेय निबंधांत गेली कित्येक वर्षे सुखाने नांदत आहे. विद्यार्थी ते लिहितो, शिक्षक त्याला गुण देतात आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोघांच्याही दारापुढे माळ तडतडते. ज्या वाक्याचा आचरणावर इतका अल्प परिणाम होतो, त्याच्या मुळाशीच काही तरी चुकत असले पाहिजे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते चुकतेच. फटाका जळून जातो हा त्याचा दोष नव्हे. चकली खाल्ली की संपते, उटणे अंगावरून वाहून जाते, दारातील रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पण त्यांवरचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही. उपभोग्य वस्तू उपभोगाने संपावयाचीच. तेव्हा फटाक्यांच्या खर्चाची चिकित्सा करावयाची असेल, तर तो खर्च कोण करतो, कशासाठी करतो आणि त्याची किंमत प्रत्यक्षात कोणाला मोजावी लागते, हे पाहिले पाहिजे.

देशातील बहुतेक फटाके तामिळनाडूतील शिवकाशी व तिच्या परिसरात तयार होतात. तेथील उत्पादकांच्या सांगण्याप्रमाणे अलीकडच्या वर्षांत दिवाळीची देशभरातील विक्री सहा हजार कोटी रुपयांच्या घरात गेली आहे. हा आकडा उत्पादकांचा आहे, म्हणून तो थोडा सैल हातानेच धरावा. तथापि तो खरा मानला तरी एकशे चाळीस कोटी लोकसंख्येला भागून माणशी सुमारे ४३ रुपये पडतात. एवढ्या पैशांत खांदेश्वर स्थानकाबाहेर फार तर दोन वडापाव मिळतील. राष्ट्राच्या दृष्टीने पाहता ही उधळपट्टी राष्ट्राला बुडविणारी आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

परंतु सरासरीइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. नदीची सरासरी खोली तीन फूट असली तरी माणूस तीत बुडतोच. फटाक्यांच्या खर्चाची खोली कोठे आहे, हे पाहावयाचे तर शिवकाशीला किंवा दिल्लीला जाण्याचे कारण नाही. खांदा कॉलनीसारखी एखादी वसाहत पुरेशी आहे.

मुंबईचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर वसविण्यास आरंभ झाला. नवीन पनवेलच्या पश्चिमेची खांदा कॉलनी ही त्याच योजनेची अपत्य. सेक्टरांची आखणी, ठरावीक उंचीच्या इमारती, समोरासमोर सज्जे आणि मध्ये एखादे मोकळे अंगण. रोज पहाटे हार्बर मार्गाची गाडी पकडून मुंबईला जाणारे कारकून, तळोजा व पाताळगंगा येथील कारखान्यांतील कामगार, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि आता निवृत्त झालेली पहिली पिढी अशी येथील वस्ती आहे. कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा अशा चारी दिशांनी आलेली ही कुटुंबे एकमेकांची नातलग नाहीत, जातभाई नाहीत. त्यांची एकमेकांना असलेली ओळख प्रामुख्याने सज्ज्यातून दिसणारी आहे. गावातल्या वाड्यात कोणाची पत काय, हे तीन पिढ्यांचे ज्ञान असते. वसाहतीत ते नसते. ते दाखवून द्यावे लागते, आणि दाखवून देण्यास दिवाळीची रात्र फार सोयीची असते.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीप्रमाणे देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरीने ६,९९६ रुपये होता. चौघांच्या कुटुंबाचा हा महिन्याचा खर्च अठ्ठावीस हजारांच्या आसपास जातो. अशा घरात दोन मुले असली आणि फुलबाज्या, भुईचक्रे, भुईनळे, लवंगी माळ, सुतळी बॉम्ब आणि आकाशात जाऊन फुटणाऱ्या 'शॉट'ची एखादी पेटी एवढी माफक खरेदी झाली, तरी तीन हजार रुपये सहज जातात. म्हणजे महिन्याच्या एकूण खर्चाचा दहावा हिस्सा तीन रात्रींत संपतो. त्याच महिन्यात फराळ आहे, कपडे आहेत, भाऊबीज आहे आणि दिवाळीच्या सुटीनंतर मुलांच्या शुल्काचा दुसरा हप्ताही उभाच आहे.

यावर, 'अहो, बोनस असतो ना' असे उत्तर मिळते. येथेच खरी मेख आहे. बोनस ही मुंबईच्या कामगार चळवळीने लढून मिळविलेली गोष्ट. १९६५ च्या कायद्याने तिला देशभर अधिष्ठान दिले आणि पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, हा किमान बोनस रुजला. त्या काळी एका चाळीतील किंवा वसाहतीतील बहुतेक बिऱ्हाडांना थोड्याफार फरकाने सारखाच बोनस मिळत असे. गिरणीत दोघे भाऊ, कचेरीत तिसरा. कोणाला अधिक, कोणाला उणे, पण मिळे सर्वांना. आज एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांकडे पाहावे. एक गृहस्थ मुंबई महापालिकेत कायम नोकरीत आहेत. महापालिकेने २०२५ च्या दिवाळीला आपल्या कर्मचाऱ्यांना ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले. समोरचा तरुण एखाद्या कचेरीत कंत्राटदारामार्फत तेच काम करतो, किंवा आमच्याच व्यवसायातील असेल तर एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो. त्याला सानुग्रह नाही, अनुदान नाही. पुष्कळदा मागच्या सत्राचे मानधनही हाती आलेले नसते. दोघांची मुले मात्र एकाच अंगणात, एकाच वेळी, एकाच वयाची उभी असतात. समोरच्या मुलाच्या हातात पेटी आणि आपल्या मुलाच्या हातात चार फुलबाज्या, हे पाहणे कोणत्याही बापाला सुखाचे नसते. मग तोही पेटी आणतो. उसनवारीवर आणतो, क्रेडिट कार्डावर आणतो, भिशी उचलून आणतो, पण आणतो.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. त्याच्या पुढे धनाढ्यांचे वाडे व पोशाख होते. आपल्याकडील मध्यमवर्गाच्या दिखाऊ उपभोगात मात्र एक केविलवाणी छटा आहे. येथे कोणाला श्रेष्ठ ठरावयाचे नसते, फक्त कमी ठरावयाचे नसते. आणि प्रत्येकाने 'कमी नको' म्हणून थोडा अधिक खर्च केला, की शेवटी सर्वजण पूर्वी होते त्याच पायरीवर राहतात. फक्त प्रत्येकाचे दोन-तीन हजार रुपये गेलेले असतात. नाटकगृहात पुढच्या रांगेने उभे राहावयाचे ठरविले, की मागच्या सर्वांनाच उभे राहावे लागते आणि कोणालाच अधिक चांगले दिसत नाही, तसाच हा प्रकार.

ही गोष्ट पूर्वीपासून अशीच होती असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास मोठ्या परिश्रमाने जमविला आहे. १४४३ साली विजयनगरास आलेल्या अब्दुर रझाकाने तेथील दारूकामाची नोंद केली. सोळाव्या शतकात एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नसोहळ्याच्या वर्णनात आतषबाजी आली. पेशव्यांच्या बखरीतील एक हकिकत त्यांनी दिली आहे ती आपल्या विषयाला फार लागू पडते. कोटा येथील दिवाळीत दारूची लंका करून जाळतात, त्याचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांपुढे केले आणि तसाच देखावा पेशव्यांनी पर्वतीजवळ करविला. खर्च सरकारचा आणि पाहणारे सारे पुणे शहर, असा तो मामला होता. उधळपट्टी म्हणावयाची तर ती एकट्या पेशव्यांची. पर्वतीवरून परतणाऱ्या शिलेदाराला किंवा कासाराला घरी जाऊन स्वतःची छोटी लंका जाळावी लागत नव्हती.

ती सोय शिवकाशीने केली. १९२३ च्या सुमारास अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोन तरुण दुष्काळी मुलखातून कलकत्त्याला गेले, आगपेट्यांचा धंदा शिकून परतले आणि आगपेटीतून रंगीत काडी, रंगीत काडीतून फटाका असा त्या गावाचा उद्योग वाढला. कोरडी हवा आणि स्वस्त मजुरी यांनी राजाची चैन कारकुनाच्या आवाक्यात आणली. लोकशाहीच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणावी लागेल. पण त्यामुळे एकाच अंगणात सोळा पेशवे आणि सोळा लंका असा देखावा निर्माण झाला.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक कोडे घालावेसे वाटते. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूची जी लक्षणे सांगितली, ती आकाशात फुटणाऱ्या बाणाला तंतोतंत लागू पडतात. एकाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे पाहणे कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला पाहण्यापासून रोखता येत नाही. सिद्धान्त असे सांगतो की, अशी वस्तू ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली तर ती फारच थोडी निर्माण होईल. कारण शेजाऱ्याने उडविलेला बाण फुकट पाहावयास मिळत असता स्वतःच्या खिशाला हात कोण घालील? रस्त्यावरचा दिवा कोणी स्वखर्चाने लावीत नाही, त्याचे हेच कारण. मग आतषबाजी गरजेहून कमी होण्याऐवजी अतोनात का होते? आमच्या मते याचे एकच उत्तर संभवते. आपण जे विकत घेतो ते प्रकाशाचे दर्शन नसतेच. दर्शन तर फुकट आहे. आपण विकत घेतो ते 'हा बाण कोणाच्या अंगणातून गेला' याचे उत्तर. तेवढीच एक गोष्ट त्या पेटीत खासगी मालकीची असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे फटाक्यांच्या दुकानातील आणखी एका चमत्काराचा उलगडा होतो. पेटीवर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत जेवढे अंतर असते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या मालात असेल. शिवकाशीच्या दरपत्रकांत 'ऐंशी टक्के सूट' ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ज्या वस्तूवर ऐंशी टक्के सूट देऊनही दुकानदार आनंदी राहतो, तिच्या छापील किमतीला काय अर्थ उरतो? पण ती छापील किंमत निरर्थक नाही. पेटी हातात घेऊन जिना चढताना तीच शेजाऱ्याला दिसते.

प्रकाश जसा सर्वांचा, तसा आवाज आणि धूरही सर्वांचा. ए. सी. पिगू यांनी १९२० साली 'कल्याणाचे अर्थशास्त्र' लिहिताना, ज्या नुकसानीची भरपाई मिळत नाही तिचे उदाहरण म्हणून रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी कडेच्या रानाचे होणारे नुकसान सांगितले होते. ठिणगी उडविणारा आणि भाजणारा वेगवेगळे असले की बाजारातील किंमत खोटी ठरते. तळमजल्यावरील दम्याच्या रुग्णाची रात्र, तान्ह्या मुलाची मोडलेली झोप, पहिल्या पाळीला निघावयाचे असलेल्या कामगाराची विश्रांती, आणि पाडव्याच्या सकाळी लाल कागदाचा खच उचलणारा महापालिकेचा सफाई कामगार, यांपैकी कशाचीही किंमत पेटीवर छापलेली नसते. पिगू यांनी अशा वस्तूंवर कर सुचविला. आपल्याकडे फटाक्यांवर वस्तू व सेवा कर आहे १८ टक्के. २०२५ च्या फेररचनेत साखरेच्या सोडापाण्यावर तो ४० टक्के झाला. सोडापाण्याने शेजाऱ्याची झोप मोडते, असा अनुभव निदान खांदा कॉलनीत तरी नाही. अर्थात जेथे पुष्कळशी विक्री पावतीशिवाय होते, तेथे कराच्या दरावर फार भिस्त ठेवता येणार नाही.

कायद्याचीही तीच कथा. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली आणि जोडफटाक्यांच्या माळांचे उत्पादन, विक्री व वापर यांस मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन महानगर प्रदेशासाठी आठ ते दहा हीच मर्यादा घातली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने धुराचे कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी करणारे फटाके सिद्ध केले. माळ मात्र अजून दुकानात मिळते आणि रात्री साडेअकरालाही वाजते. प्रत्येक अंगणात एक शिपाई उभा करता येत नाही, आणि करता आला तरी तो कोणाला आवडणार नाही.

शिवकाशीच्या मजुरांचे काय, हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. त्या परिसरातील लाखो लोकांचे पोट या धंद्यावर आहे. तथापि फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० साली दाखविल्याप्रमाणे, दिसणाऱ्या रोजगारामागे न दिसणारा रोजगार नेहमी लपलेला असतो. फटाक्यांवर न गेलेले दोन हजार रुपये काही जमिनीत पुरले जात नाहीत. ते शिंप्याकडे जातील, पुस्तकाच्या दुकानात जातील, कदाचित १९०९ पासून चालत आलेल्या आपल्या दिवाळी अंकांकडेही वळतील. (दिवाळी अंकही काही घरांत वाचण्यापेक्षा टेबलावर मांडण्यासाठीच घेतले जातात, हे मान्य, पण त्यांचा आवाज होत नाही.) आणि त्या मजुरीची जात कोणती, तेही पाहावे. सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळील मुदलीपट्टी येथील स्फोटात सुमारे चाळीस माणसे गेली. ८ डिसेंबर २०२३ रोजी आपल्याच पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा स्त्री-कामगारांचा मृत्यू झाला आणि पुढे ही संख्या वाढत गेली. या धंद्यातील माणसांची काळजी खरोखरच असेल, तर तिचे पहिले रूप त्यांच्या सुरक्षिततेचा आग्रह हे असावयास हवे. त्यांच्या पोटाची आठवण फक्त आपल्या हौसेच्या समर्थनासाठी काढणे शोभत नाही.

मग करावे काय? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम वर्षानुवर्षे शाळांतून चालविली, विद्यार्थ्यांकडून संकल्पपत्रे भरून घेतली, वाचलेल्या पैशांतून पुस्तके घ्या असे सांगितले. त्या मोहिमेबद्दल आदर बाळगूनही एक अडचण सांगितली पाहिजे. तिचा सारा भार एकट्या मुलावर पडतो. त्याने संकल्प पाळला तर अंगणात एकटे तोच रिकाम्या हाताने उभा राहतो आणि बाकीचे त्याला 'तुमच्याकडे यंदा नाही का आणले?' असे विचारतात. आयता मोठेपणा मिळविण्यासाठी नव्हे, तर कमी ठरू नये म्हणून जेथे खर्च होतो, तेथे एकट्याने माघार घेणे हीच सर्वांत महाग गोष्ट असते. शस्त्रास्त्रांच्या स्पर्धेत एका राष्ट्राला एकट्याने शस्त्रे खाली ठेवता येत नाहीत. दोघांना मिळून ठेवता येतात.

आपल्या वसाहतींजवळ असा करार करण्याचे साधन तयार आहे. ते म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, गच्चीची गळती या सर्व गोष्टी आपण मिळून करतो, कारण त्या एकेकट्याने करणे मूर्खपणाचे ठरेल. आतषबाजीही त्याच जातीची वस्तू आहे, हे वर दाखविलेच. समजा, एका इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकी अडीच हजार खर्च होतो. म्हणजे चाळीस हजार रुपये. त्यांच्या चौथ्या हिश्शात, दहा हजारांत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वाजता अंगणात पाऊण तासाचा सुरेख दारूकामाचा कार्यक्रम होईल. प्रत्येकाला सोळापट पाहावयास मिळेल आणि खर्च येईल सरासरी ६२५ रुपये. फुलबाज्या मुलांच्या हाती राहतील. सुतळी बॉम्ब यादीत घालण्याचे कारण नाही. बादलीभर वाळू व पाणी जवळ ठेवून दोन जाणत्या माणसांनी वात लावावी, म्हणजे भाजण्याचे प्रसंगही कमी होतील. सिडनीच्या बंदरावर ३१ डिसेंबरला जी प्रसिद्ध आतषबाजी होते, ती तेथील नगरपालिकाच करते. घरोघर पेट्या आणून कोणी ती करीत नाही.

यावर एक आक्षेप आम्हास गंभीर वाटतो. वर्गणीचा अनुभव आपल्याकडे बरा नाही. उत्सवाच्या नावाखाली दारावर येणारी मंडळी आणि पावतीपुस्तकातील मागच्या पानावरचा शेजाऱ्याचा आकडा, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. सामायिक आतषबाजीच्या नावाने तीच स्पर्धा पुन्हा जिन्यातून वर यावयाची असेल, तर हा खटाटोप व्यर्थ आहे. आणि दर घरामागे सारखी रक्कम लावली, तर सानुग्रह मिळालेल्यावर आणि न मिळालेल्यावर ती सारख्याच वजनाने पडेल, हाही अन्यायच. म्हणून रक्कम ठरवू नये, वर्गणी मागत फिरू नये. तळमजल्यावर कुलूपबंद पेटी ठेवावी आणि ज्याने त्याने बंद पाकिटात इच्छेप्रमाणे टाकावे. रिकामे पाकीट टाकले तरी ते पाकीटच दिसते.

सहकार कायद्याप्रमाणे संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणजे दिवाळीच्या आधी या विषयाला एक हक्काचे व्यासपीठ मिळते. ठरावही लांबलचक नको. इमारतीच्या आवारात खासगी दारूकाम करावयाचे नाही, सामायिक कार्यक्रम आठ ते दहाच्या आत संपवावयाचा, शिल्लक राहिली तर ती त्याच इमारतीच्या सफाई कामगाराला व पहारेकऱ्याला दिवाळीपूर्वी द्यावयाची, इतके पुरे. कार्यक्रमाचा खर्च पाणीपट्टीच्या हिशेबाशेजारी सूचनाफलकावर लावावा. कोणी किती दिले, याची यादी मात्र लावू नये.